कोणी सांगल्यान?

"माझ्या गावचा डोंगर हिरवा शालू नेसून उभा आहे..."

टक्.

शेजारच्या वर्गात परब सरांनी वाकवलेले बोट बाकावर आपटले आणि इकडे माझ्या वर्गातली सगळी डोकी त्या बाजूला वळली. आमच्या दोन वर्गांमध्ये भिंत होती, पण छपरापर्यंत पोचायच्या आतच कंत्राटदाराचा उत्साह संपला होता. त्यामुळे माझी वर्तुळे आणि त्यांचे निबंध वर्षभर एकाच खोलीत नांदत होते.

"कोणी सांगल्यान?" परब सरांनी विचारले.

"कोणी नाय, सर. मीच लिवलंय." हा दहावीतला देवेश.

"तू डोंगराक कधी शालू नेसताना बघलंस?"

तिकडचा वर्ग हसला. माझाही हसला.

"नाय, सर."

"मगे काय करता तुझो डोंगर?"

देवेशने वही फटकन मिटली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "सांजच्याक तेची सावळी आमच्या खळ्यार येता. ती तुळशीकडे पावली काय आई म्हणता, चाय ठेव."

मी खडू हातात धरून वाट पाहत राहिलो. टक् काही आले नाही. थोड्या वेळाने परब सर एवढेच म्हणाले, "तां लिव."

मी गणिताचा शिक्षक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजकडचा, खोराटे आडनावाचा, पोटासाठी घाट उतरून गोव्यातल्या पेडण्यात आलेला. निबंध हा प्रकार मी शाळेत पाठ करून पास झालो होतो. पण अंगणात येणारी ती सावली आणि चहाचे आधण मला फळ्यावर दिसले. त्या दिवशी माझा तास काही धड झाला नाही.

सगुण परब हे इब्रामपूरच्या अलीकडच्या आमच्या गावातल्या हायस्कुलात मराठी शिकवायचे. दिसायला म्हणाल तर कोणाच्याही लक्षात राहणार नाहीत असे. अर्ध्या बाह्यांचा सदरा, खांद्याला शबनम, पायात रबरी चपला. त्यांनी स्वतः कधी काही लिहून छापल्याचे कोणी ऐकले नव्हते. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांच्याकडे खुर्च्या मांडण्याचे काम असायचे आणि ते खुर्च्या सरळ रांगेत मांडायचे.

वह्या ते तपासायचे नाहीत. म्हणजे लाल शाई वापरायचे नाहीत. पोराने उभे राहून आपला निबंध मोठ्याने वाचायचा, आणि पुस्तकातून किंवा म्हापशाच्या बाजारात मिळणाऱ्या गाईडमधून उचललेले वाक्य आले की टक्. मग तोच प्रश्न, "कोणी सांगल्यान?" हे तुला सांगितले कोणी, याचे उत्तर सापडेपर्यंत पोराने उभे राहायचे. मी त्यांना एकदा म्हटले, "काय परब सर, दिवसभर दार ठोठावताय नव्हं. कोण उघडतंय का नाही?"

"उघडतत," ते म्हणाले. "पण आत माणूस आसूंक व्हयो."

पोरांची अडचण खरी होती. घरात पेडण्याची बोली, प्राथमिक शाळेत मराठी, हायस्कुलात आल्यावर सगळे विषय इंग्रजीत. तीन घरी पाहुणा आणि तिन्हीकडे उपाशी, अशी त्यांची गत. गोवा नुकतेच राज्य झाले होते, कोंकणीचा कायदा झाला होता, आणि तिठ्यावरच्या हॉटेलात मराठी की कोंकणी यावरून माणसे पाव चहात बुडवून विसरून जायची. परब सरांना कोणी त्यात ओढले तर ते म्हणायचे, "पोरां बोलतत तां आदी कागदार येवंदे. मगे ती भास खंयची, तां बघूंक लोक आसत." वर्गातही हेच. आधी बोलतोस तसे लिही, मग परीक्षेसाठी आपण त्याला इस्त्री करू.

हे सगळे पोरांना जमत होते, एका मुलीला सोडून. गौरवी घाडी. मधल्या सुट्टीत हिचे तोंड कधी बंद म्हणून नसे. कोणाची म्हैस कोणाच्या शेतात शिरली, कोणाच्या लग्नात कोण रुसले, सगळे ती अशा रंगात सांगायची की मुली डबा खायच्या विसरत. पण कागद पुढे आला की हिचा हात थिजायचा. निबंधाचा प्रश्न कोरा. सहामाहीत कोरा, त्याच्या आधी नववीत कोरा. दहावीला असाच कोरा गेला तर पोरगी नापास होणार, आणि नापास झाली की तिला घरी बसवायचे हे तिच्या बापाने ठरवूनच टाकले होते.

तिचा आजा विठू घाडी. गावात गाऱ्हाणे घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. आमच्या देशावर देवापुढे नारळ फोडला की काम झाले. इथे तसे नाही. इथे माणूस देवीला काय सांगायचे ते आधी घाड्याला सांगतो आणि घाडी ते सगळ्यांदेखत देवीपुढे मांडतो. प्रत्येक वाक्यामागे जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात. सगळे गाव साक्षीदार.

एका रविवारी परब सर दहावीच्या मुलांना घेऊन सातेरीच्या देवळात गेले. रिकामटेकडा होतो म्हणून मीही गेलो. विठू घाडी सत्तरीच्या पुढचा, कमरेला पंचा, अक्षरओळख नाही. शेवंती नावाची एक बाई त्याच्या कानाशी बराच वेळ बोलत होती, रडत होती. तिचा मुलगा सुर्लाच्या खाणीवर ट्रकवर होता, दारूला लागला होता, घरी यायचा बंद झाला होता. हे तिने कोणाला सांगायची गरजच नव्हती, गावाला पाठ होते. आता हा म्हातारा हे चारचौघांत बोलणार या कल्पनेने माझेच कान गरम झाले.

विठू घाडी उभा राहिला. हात जोडले.

"माये सातेरी, शेवंती तुझ्या पायाकडे इल्या."

"व्हय म्हाराजा."

"तिचो झील पोटासाठी लांब गेलो. वाट लांब, धूळ चिकार. तेका घराची वाट दिसाक नाय."

"व्हय म्हाराजा."

"ती धूळ तेच्या डोळ्यावरसून पूस आणि तेका आवशीच्या दारात हाडून उबो कर."

"व्हय म्हाराजा."

शेवंतीने पदर डोळ्यांना लावला, पण तिची मान खाली गेली नव्हती. मी पाहत होतो. तिची मान ताठ होती.

बाहेर आल्यावर परब सरांनी मुलांना पिंपळाच्या पारावर बसवले. "घाड्यान काय सांगूंक नाय?" त्यांनी विचारले.

"दारू," कोणीतरी म्हणाले.

"मगे देवीक समाजला नाय?"

"समाजला."

"गावाक?"

"समाजला, सर."

"शेवंतीक लाज वाटली?"

मी त्या पारावर बसून होतो आणि मला वाटत होते की लिहिणे म्हणजे काय हे मला आज पहिल्यांदा कळते आहे. हा माणूस निबंध शिकवत नव्हताच. दुसऱ्याचे दुःख हातात घेतले तर ते कसे धरायचे, हे तो शिकवत होता.

त्याच दिवशी परतताना माझ्या लक्षात आले की त्यांचा आवाज फाटला आहे.

आधी सगळ्यांना वाटले सर्दी. मग मिऱ्याचा काढा झाला, ज्येष्ठमध झाले. दिवाळीनंतर मी त्यांना म्हापशाच्या डॉक्टरांकडे नेले, त्यांनी पणजीच्या मोठ्या इस्पितळात धाडले. तिथे घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावे लागेल, जानेवारीतली तारीख मिळाली. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. तोवर कमी बोला, डॉक्टर म्हणाले.

बसमध्ये परब सर खिडकीबाहेर बघत होते. मी कशीबशी शब्दांची जुळवाजुळव करत होतो. त्यांनीच हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"गौरवीचा निबंध," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तेवडा तरी होवंक व्हया."

माणसाचा आवाज चाललाय आणि हा कोणाचा हिशेब करतोय, असे मला वाटले. मला रागच आला.

त्यानंतर ते खरोखरच कमी बोलू लागले, पण त्यांची रीत उफराटी होती. आवाज ते वर्गासाठी राखून ठेवत. शिक्षकांच्या खोलीत खुणा, वाटेत खुणा, आणि घरीही खुणाच. एकदा संध्याकाळी मी गेलो तर पद्मावती वहिनी केरसुणीसाठी माडाचे हीर सोलत बसल्या होत्या.

"या भावजी. आता तुमीच बोला माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "ह्यांचो सगळो आवाज थंय शाळेत सांडून जाता. माका हात दाखवतत. मीठ व्हया तर असा, पाणी व्हया तर असा." त्यांनी खुणा करून दाखवल्या आणि हसल्या. हसता हसता हातातली सुरी खाली ठेवली. "इतक्या वर्सांचो संसार. उरलो आसा तो थोडो माका नको?"

परब सर दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी तोंड उघडले. वहिनींनी चटकन हात वर केला.

"रवांदे," त्या म्हणाल्या. "फाल्यां सकाळी तास आसा तुमचो."

मी चहा न घेताच उठलो. थोर माणसे पुस्तकात असतात असे समजण्यात माझी चाळिशी आली होती, आणि इथे एका ओसरीवर दोन सापडली होती.

डिसेंबरात एका तासाला मी पुन्हा त्या अर्ध्या भिंतीचा फायदा घेतला. माझ्या पोरांना गणिते घालून दिली आणि कान तिकडे लावला. परब सरांनी गौरवीला उभे केले होते. वही कोरी.

"कित्याक?" त्यांनी विचारले. आता त्यांचा आवाज कुजबुजण्याइतकाच उरला होता, आणि तो ऐकायला दोन्ही वर्ग श्वास धरून बसत.

गौरवी एकदम बोलली. "सर, बोलला काय जाता. वाऱ्यार जाता. लिवला काय थंयच रवता. चुकला तरी रवता. माका भंय दिसता."

वर्गात कोणी हसले नाही. परब सर काय उत्तर देतात याची मी वाट पाहत होतो. मला विचाराल तर मी तिला धीर दिला असता, चुकू दे म्हटले असते, चार गोष्टी सांगितल्या असत्या.

परब सर एकच शब्द बोलले. "म्हणानच."

म्हणूनच. जाते म्हणूनच लिहायचे. तो शब्द भिंतीवरून माझ्याकडे आला. आवाज जाणारा माणूस ते सांगत होता. ते त्या पोरीलाही कळले असावे, कारण ती खाली बसल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ कागदावर पेन घासल्याचा. तिने काय लिहिले ते मला माहीत नाही. तिने वाचले नाही आणि त्यांनी वाचायला लावले नाही.

जानेवारीत परब सर इस्पितळात गेले. त्यांच्या जागी एक बदली शिक्षक आला. चांगला, चुणचुणीत तरुण होता बिचारा. त्याने पहिल्याच दिवशी निबंध सांगून उतरवून घ्यायला सुरुवात केली. "आई म्हणजे वात्सल्याचा झरा," तो म्हणाला. मागच्या बाकावरून टक् झाले. त्याने वर पाहिले. "मायेची सावली," तो म्हणाला. मधून टक्. मग खिडकीकडून टक्. तो माझ्याकडे तक्रार घेऊन आला की वर्गात उंदीर तरी आहेत नाहीतर भूत. मी म्हटले, "भूतच हाय. त्रास देत नाही कुणाला. खरं बोला, म्हणजे गप बसतंय."

फेब्रुवारीत सर परत आले. गळ्याला पांढरा रुमाल, त्याखाली भोक. खांद्याला तीच शबनम. सही करून ते थेट दहावीच्या वर्गात गेले आणि मुले वाचू लागली. आता फक्त टक्. "कोणी सांगल्यान?" हे मुले एकमेकांना विचारत.

त्याच महिन्यात देवीची जत्रा आली. सरांसाठी गाऱ्हाणे घालायचे गावाने ठरवले. सर तर सांगू शकत नव्हते, मग विठू घाड्याला सांगणार कोण? म्हातारा म्हणाला, "माझी नात सांगतली." बायकांनी गाऱ्हाणे घालायची रीत नाही, पण घाड्याला सांगायला कोणाला मनाई आहे. गौरवीने ते लिहिले. आज्याला वाचता येत नव्हते, म्हणून पुन्हा पुन्हा वाचून त्याच्या तोंडात बसवले. हे आमच्या हेडसरांच्या कानावर गेले तेव्हा त्यांना राहवले नाही. शाळेची शान म्हणून एखादे भारदस्त वाक्य पाहिजे, असे म्हणून ते सकाळी विठू घाड्याला गाठून त्याच्या कानात एक वाक्य घालून आले. ते गौरवीला ठाऊक नव्हते.

देऊळ गच्च भरले होते. परब सर चौकातल्या लाकडी खांबाला टेकून उभे होते, बाजूला वहिनी. मुले पुढे, मुली बायकांच्या बाजूला. विठू घाड्याने हात जोडले.

"माये सातेरी, परब मास्तर तुझ्या दारात उबो आसा."

"व्हय म्हाराजा."

"जलमभर तो दुसऱ्यांच्या पोरांचा आयकत रवलो."

"व्हय म्हाराजा."

"हो मास्तर म्हणजे ज्ञानाचो महासागर..."

टक्.

देवळात तो आवाज असा घुमला की घंटेखाली उभे असलेले लोकही वळले. परब सरांचे वाकलेले बोट खांबावर होते. "व्हय म्हाराजा" कोणाच्याच तोंडून निघाले नाही. देवीपुढच्या गाऱ्हाण्यात कोणी आडवे आल्याचे या गावाने कधी पाहिले नव्हते. विठू घाडी जोडल्या हातांनी तसाच उभा. हेडसर छताकडे बघू लागले.

बायकांच्या बाजूने गौरवी उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"सर," ती म्हणाली, "तां माझा न्हंय."

परब सरांनी तिच्याकडे पाहिले आणि मान हलवली. मला ठाऊक आहे, अशा अर्थाने. पोरांत कुठेतरी हसू फुटले, मग मोठ्यांत, आणि मग देऊळभर. विठू घाडीही हसला. त्याने देवीकडे तोंड केले.

"माये, इतक्या मी परत घेतंय. चुकीचा होता."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाले, आणि यावेळचे सगळ्यांत मोठे होते.

मग तो थांबला. डोळे मिटले. नातीने तोंडात बसवलेले आठवत असावा. पुन्हा बोलू लागला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता.

"माये, तेच्या गळ्यात आवाज होतो. तो तेना घरात खर्चूक नाय. आमका दिल्यान."

"व्हय म्हाराजा."

पद्मावती वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"तो परत दी म्हणान आमी तुझ्याकडे मागणव नाय. तो खंय गेलो तां आमका ठावक आसा. तो आमच्याकडे आसा."

"व्हय म्हाराजा." आता मुलांचे आवाज फुटत होते.

"आमी बोलतलंव, आमी लिवतलंव, तेवा तो तेका आयकाक येवंदे. इतक्याच कर."

गाव काही म्हणायच्या आधी मी सरांच्या हाताकडे पाहिले. वहिनीही तिकडेच पाहत होत्या, आणि बायकांच्या बाजूने उभी राहिलेली गौरवीही. सगळी दहावी मान वळवून त्या हाताकडे पाहत होती.

बोट वाकलेले होते, खांबापासून चार अंगुळे दूर. तसेच राहिले. मग हळूहळू मूठ सुटली, आणि सरांनी तळवा खांबावर सपाट टेकवला.